सी भाषेतील कालमापन आणि घड्याळाचे उत्तर



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे म्हटले, त्याच शाळेने आपल्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले जाते ते आम्हांला गणित शिकवीत. वजाबाकीच्या बाबतीत त्यांचा एक हट्ट असे. मुलाने फळ्यावर उत्तर मांडले, की ते बरोबर आहे की चूक हे न सांगता ते आधी विचारीत, "हे वरचे आणि खालचे आकडे तू आणलेस कुठून?" उदाहरणातून उतरवून घेताना चुकलेला आकडा घेऊन कितीही निर्दोष वजाबाकी केली तरी तिला गुरुजींच्या लेखी किंमत नव्हती. आजचा माझा विषय, खरे पाहता, याच प्रश्नाचा आहे.

विषयाचे नाव मात्र रुक्ष आहे. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामामध्ये एखाद्या कामास किती वेळ लागला हे मोजताना, घड्याळ विचारणाऱ्या फंक्शनने परत दिलेले मूल्य, म्हणजेच त्याची रिटर्न व्हॅल्यू, तपासून घेणे. समोर बसलेल्यांपैकी सर्वांनाच प्रोग्राम लिहिण्याशी कर्तव्य नाही, याची मला जाणीव आहे. काही मंडळी मागावरून उठून थेट येथे आली आहेत. तरीही हा विषय निवडला, याचे कारण असे की ही तपासणी न केल्यामुळे आपल्या याच वडगावातील एका विणकराची काही आठवड्यांची हक्काची मजुरी बुडाली होती; आणि तो प्रोग्राम माझा होता. तो प्रसंग मी यथावकाश सांगेन. आरंभ मात्र एका जुन्या घड्याळापासून करतो.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४ चा. त्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ ११५० सालचा. 'लीलावती' हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. लीलावतीच्या विवाहाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते. तेव्हा तिला इतिहास मानण्याचे कारण नाही. परंतु कालमापनाच्या दृष्टीने ती कथा फार नेमकी आहे.

मुलीच्या विवाहास एकच शुभ घटिका होती. ती साधण्यासाठी घटिकापात्र मांडले होते. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेली वाटी. ती पाण्यावर सोडली की छिद्रातून हळूहळू पाणी आत येते आणि ठरावीक काळाने ती बुडते. अहोरात्राच्या साठ घटिका, म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. लीलावती कुतूहलाने त्या पात्रावर वाकली आणि तिच्या वस्त्रालंकारांतील एक मोती निसटून पात्रात पडला. त्याने छिद्र बुजले. पात्र तरंगतच राहिले, मंडळी वाट पाहतच राहिली आणि मुहूर्त निघून गेला.

ही कथा सांगताना सामान्यतः नियतीवर बोट ठेवले जाते. मला तीत दुसरेच काही दिसते. पात्राने चुकीची वेळ सांगितली नव्हती. त्याने वेळ सांगणेच सोडून दिले होते. आणि छिद्र बुजलेले पात्र दिसायला हुबेहूब, अजून घटिका न भरलेल्या पात्रासारखेच दिसते. बिघाडाचे चिन्ह आणि 'थोडे थांबा' हे चिन्ह एकच होते. मंडळींनी पात्राकडे पाहिले. पात्र चालू आहे काय, हे पाहिले नाही.

आता सी भाषेकडे वळतो. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ही भाषा घडविली. १९७८ मध्ये कर्निगहॅन व रिची यांचे पुस्तक निघाले आणि १९८९ मध्ये तिचे अमेरिकन प्रमाण निश्चित झाले. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि संगणकाच्या शिकवण्यांतून माझ्या पिढीने प्रथम हीच भाषा गिरविली. आजही फोनच्या गाभ्यापासून शिलाई-यंत्राच्या नियंत्रक पट्टीपर्यंत ती आहे. तिचा स्वभाव मितभाषी आहे. एखादे काम फसले तर नंतरच्या काही भाषा आरडाओरडा करून प्रोग्रामच थांबवितात. सी तसे करीत नाही. ती फसल्याची चिठ्ठी फंक्शनच्या उत्तरात घालून देते आणि पुढे चालू लागते. चिठ्ठी वाचणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम.

वेळ मोजण्याची सर्वांत साधी रीत अशी. येथे मी शब्द मराठी करून घेतो, मांडणी तीच आहे:

आरंभ = टाइम(नल);
काम_करा();
अंत = टाइम(नल);
छापा(अंत − आरंभ);

'टाइम' हे फंक्शन, बहुतेक सर्व यंत्रणांवर, १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले ते सांगते. आपल्या घड्याळाने तो क्षण पहाटे साडेपाचचा. कामाआधी एकदा विचारावे, कामानंतर पुन्हा विचारावे, वजाबाकी करावी. पाठ्यपुस्तकांतून हे असेच शिकवितात, आणि मीही काही वर्षे विद्यार्थ्यांना असेच शिकविले, हे येथे कबूल केले पाहिजे.

या चार ओळींत काय राहून गेले? प्रमाणात असे म्हटले आहे की वेळ उपलब्ध नसेल तर 'टाइम' हे उणे १ परत देईल. ज्या छोट्या यंत्रात घड्याळच नाही, किंवा आहे पण बंद पडले आहे, तेथे हे घडू शकते. आता हा उणे १ वजाबाकीत शिरला तर काय होते ते पाहा. आरंभीचे उत्तर ठीक आणि शेवटचे उणे १ असेल तर लागलेला वेळ उणे पावणेदोन अब्ज सेकंदांच्या घरात निघेल. आरंभीचे उत्तर उणे १ आणि शेवटचे ठीक असेल, तर काम अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालले असे छापले जाईल. या दोन्ही चुका ठसठशीत आहेत. कोणाच्याही डोळ्यांत भरतील. तिसरी शक्यता खरी घातक. दोन्ही वेळा घड्याळाने उत्तर दिले नाही, तर उणे १ मधून उणे १ वजा होतो आणि उत्तर येते शून्य. शून्य ही किती सभ्य संख्या आहे! काम झटपट झाले, एवढाच तिचा अर्थ कोणीही घेईल. छिद्र बुजलेले पात्र तरंगत आहे.

याच्याच जोडीला एक गंमत सांगतो. हा उणे १ न तपासता तारीख म्हणून छापला, तर भारतीय वेळेनुसार १ जानेवारी १९७०, पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद असे उमटते. एखाद्या पावतीवर वा फोनवर १९७० ची तारीख आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. सगळ्याच वेळी कारण हेच असते असे नाही, पुष्कळदा तेथे नुसते शून्य असते. पण कुळ एकच.

आता माझी हकिगत. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत यंत्रमागांचा खडखडाट हा आपल्या लहानपणापासूनचा पार्श्वध्वनी आहे. २००३ च्या पावसाळ्यापूर्वी ओळखीच्या एका मागवाल्यांनी मला एक काम सांगितले. त्यांच्याकडे विणकरांना मजुरी साडीवर मिळे. परंतु वीज जाऊन माग अर्ध्या तासाहून अधिक खोळंबला, तर त्या वेळेचा थोडा भत्ता देण्याची त्यांची रीत होती. किती वेळ खोळंबा झाला यावरून रोज वाद होत. वाद मिटावा म्हणून मी मागाशेजारी बसविण्यासारखी एक लहान पेटी तयार केली. आत एक मायक्रोकंट्रोलर, त्याचा प्रोग्राम सीमध्ये, आणि एक घड्याळ-चिप. वीज गेली तरी घड्याळ चालत राहावे म्हणून नाण्याएवढी बॅटरी. पेटी दर मिनिटाची वेळ जपून ठेवी. वीज परत आली की घड्याळाला आताची वेळ विचारी, जपलेली वेळ तीतून वजा करी आणि खोळंब्याची मिनिटे नोंदवी.

घड्याळ-चिपमध्ये एक सोय होती. तिचे ठोके थांबलेले असतील तर तसे सांगणारा एक बिट ती उभा करी. माझे वेळ वाचणारे फंक्शन तो बिट पाही आणि तो उभा असेल तर उणे १ परत देई. हे मी स्वतः, विचारपूर्वक लिहिले होते. आणि ज्या ठिकाणी मी ते फंक्शन वापरले, त्या ठिकाणी त्याचे उत्तर उणे १ आहे काय, हे पाहिलेच नव्हते. यावर कडी म्हणजे, वजाबाकी कधी काळी उणे आलीच तर नोंदवहीत विचित्र आकडे नकोत म्हणून मी एक ओळ घातली होती: फरक शून्याहून कमी असेल तर शून्य धरावा. त्या ओळीचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

पावसाळ्यात एका पेटीची बॅटरी ओलाव्याने निकामी झाली. वीज गेली, घड्याळ थांबले. वीज आली, घड्याळाने 'मी थांबलो आहे' असे सांगितले, फंक्शनने इमानाने उणे १ दिला, वजाबाकी प्रचंड उणे आली आणि माझ्या अभिमानाच्या ओळीने तिचे शून्य केले. नंतर पेटी दर मिनिटाला उणे १ च जपून ठेवू लागली. पुढच्या खेपेस उणे १ मधून उणे १, पुन्हा शून्य. तीन आठवडे त्या मागाच्या रकान्यात शून्ये पडत राहिली. कोणास संशय यावा असे त्यात काही नव्हते, कारण ज्या दिवशी वीज जात नसे त्या दिवशी इतर पेट्यांवरही शून्यच असे.

त्या मागावरचे विणकर आमच्याच गल्लीतले, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. एका रविवारी ते आमच्या दारात आले. आत बसायला तयार होईनात.

"बाळ, तुझ्या पेटीनं लिवलंय की करंट गेलाच न्हाई. मग मी दोन-दोन तास अंधारात काय भजन करत बसलो होतो?"

मी म्हणालो, "मामा, पेटी चुकायची नाही. तुम्ही दिवस तर विसरत नाही ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत आणि निघून गेले. ते वाक्य मी उच्चारले, हे या प्रसंगातील माझे सर्वांत मोठे अपश्रेय. प्रोग्राममधली चूक त्यामानाने लहान. संध्याकाळी, मनाला चैन पडेना म्हणून, मी पेटी उघडली. बॅटरीच्या पट्टीवर हिरवट गंज चढला होता. मग मी प्रोग्राम वाचावयास घेतला आणि दहा मिनिटांत सगळे लक्षात आले.

हा प्रसंग घडल्यावर मी वेळ मोजणारी इतर फंक्शनेही नव्याने वाचली. ती सर्व सांगत बसलो तर अध्यक्षांना घंटा वाजवावी लागेल; परंतु दोन-तीन गोष्टी विद्यार्थ्यांच्या उपयोगाच्या आहेत.

'क्लॉक' या नावाचे एक फंक्शन आहे. नावामुळे फसगत होते. ते भिंतीवरच्या घड्याळाची वेळ सांगत नाही. आपल्या प्रोग्रामाने प्रोसेसरचा किती वेळ खर्च केला ते सांगते. प्रोग्राम दहा सेकंद स्वस्थ झोपून राहिला तर युनिक्स घराण्यातील यंत्रणांवर 'क्लॉक' जवळजवळ काहीच वाढ दाखविणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवर मात्र तेच फंक्शन सरळ लोटलेला वेळ मोजते. एकच प्रोग्राम दोन ठिकाणी दोन अर्थांची उत्तरे देतो आणि दोन्ही ठिकाणी तक्रार करीत नाही. तेही, वेळ उपलब्ध नसल्यास, उणे १ देते. शिवाय युनिक्सच्या प्रमाणात त्याचे एकक सेकंदाचा दशलक्षांश आहे. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त खान्यात अशी मोजणी २,१४७ सेकंदांनंतर, म्हणजे पावणेछत्तीस मिनिटांच्या सुमारास, खाना भरून उणे बाजूस उलटते आणि सुमारे ७२ मिनिटांनी फिरून शून्याशी येते. घोड्याच्या टांग्याचे चाक एक फेरा करून पुन्हा त्याच आरीवर यावे तसे. जुन्या ३२ बिटी यंत्रांवर तासभराच्या कामाचा वेळ या रीतीने मोजणाऱ्यास मिळालेले उत्तर कशाचेच नसे. याच जातीची चूक विमानातही सापडली आहे: बोइंग ७८७ ची वीजनिर्मिती नियंत्रक यंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास बंद पडू शकते, असे २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने कळविले. सेकंदाचे शतांश ३१ बिटांत मोजत गेल्यास खाना नेमका २४८ दिवसांनी भरतो. 'टाइम'चा ३२ बिटी खाना १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरावयाचा आहे. नवी यंत्रे ६४ बिटी झाली आहेत, पण भिंतीत बसवून विसरलेल्या जुन्या पेट्या पुष्कळ आहेत.

उणे १ तपासतानाही एक काळजी घ्यावी लागते. वेळेच्या खान्याला चिन्ह असते की नसते, हे सीच्या प्रमाणाने यंत्रणेवर सोपविले आहे. खाना चिन्हरहित असेल तर त्यात उणे १ हा मावतच नाही. तो त्या खान्यातील सर्वांत मोठी संख्या होऊन बसतो. म्हणून 'उत्तर शून्याहून लहान आहे काय' असे विचारणे पुरेसे नाही. उणे १ ला त्याच जातीच्या खान्यात घालून मग त्याच्याशी तुलना करावी लागते. दोन वेळांतील फरक सेकंदांत देणारे 'डिफटाइम' नावाचे फंक्शन आहे; ते जरूर वापरावे. पण ते बिचारे दिलेल्या दोन संख्यांची वजाबाकी करते. त्या आणल्या कुठून, हा गुरुजींचा प्रश्न ते विचारीत नाही.

आणखी एक प्रश्न घड्याळाच्या निवडीचा. भिंतीवरचे घड्याळ माणूस मागेपुढे करतो, संगणकाचेही करतो. काम चालू असताना कोणी घड्याळ दहा मिनिटे मागे सारले, तर काम सुरू होण्याआधीच संपले असे उत्तर येईल. आपल्या भागाला दोन घड्याळांचा हा घोळ नवा नाही. बेळगाव मुंबई इलाख्यात होते. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने धावे, आणि ती ५ तास २१ मिनिटे पुढे. कल्पना करा, मद्रासहून तेथल्या घड्याळाने १० वाजता निघालेला निरोप दहा मिनिटांत मुंबईस पोहोचला. मुंबईचे घड्याळ तेव्हा ९ वाजून ४० मिनिटे दाखवीत असणार. निरोप निघण्यापूर्वी पोहोचला! १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई शहराने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तात्पर्य वजाबाकीच्या दोन्ही संख्या एकाच, आणि मध्ये कोणी न हलविलेल्या घड्याळाच्या हव्यात.

यासाठी युनिक्सच्या प्रमाणात 'क्लॉक-गेटटाइम' हे फंक्शन आहे आणि त्याला 'मोनोटॉनिक' नावाचे घड्याळ मागता येते. आज तारीख कोणती हे त्या घड्याळास ठाऊक नसते. पण ते कधी मागे जात नाही. गेलेला वेळ मोजण्यास हेच योग्य. येथे फसण्याची चिठ्ठी वेळेच्या आकड्यातच न घालता वेगळी दिलेली आहे: साधले तर शून्य, फसले तर उणे १, आणि वेळ स्वतः दुसऱ्या खान्यात. ही रीत अधिक चांगली, कारण खरी वेळ आणि बिघाड यांची गल्लत होत नाही. पण उत्तर न पाहणाऱ्यास ती अधिक धोक्याची आहे. फंक्शन फसले तर वेळेचा खाना त्याने भरलेला आहे असे धरता येत नाही. त्यात आधीचा केरकचरा तसाच असू शकतो, आणि आपण केरकचऱ्याची वजाबाकी करतो. २०११ च्या सीच्या प्रमाणात 'टाइमस्पेक-गेट' आले. त्याची तऱ्हा उलटी: फसले तर शून्य, साधले तर शून्येतर. म्हणजे एका फंक्शनचे शून्य हे यश, दुसऱ्याचे शून्य हे अपयश. आपल्याकडे मान हलविण्याचे जसे गावोगाव वेगळे अर्थ, तसे हे. सवयीने एकाची तपासणी दुसऱ्यास लावली, तर तपासणी असूनही नसल्यासारखी होते. हे मी एकदा केले आहे.

गेलेला वेळ शून्य आला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. वेग ही गोष्ट थेट मोजता येत नाही. वेळ मोजावा लागतो आणि भागाकाराने वेग काढावा लागतो. पुण्यात टाटांच्या कंपनीने उभारलेला 'एका' हा महासंगणक २००७ च्या नोव्हेंबरमध्ये जगाच्या टॉप-५०० यादीत चौथा आला, तेव्हा त्याचा नोंदलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप्स होता, म्हणजे सेकंदास सुमारे ११८ लाख कोटी गणिते. हा आकडा मिळतो तो एक प्रचंड समीकरणसंच सोडविण्यास लागणारी एकूण गणिते, भागिले लोटलेला वेळ, या रीतीने. छेदातला वेळ अर्धा पडला तर वेग दुप्पट. छेद शून्य झाला तर वेग अनंत. मोठ्या यंत्राच्या बाबतीत असा आकडा चार तज्ज्ञ पडताळून पाहतात. मागाशेजारच्या पेटीचा आकडा कोण पडताळणार? तेथे तो सरळ मजुरीच्या वहीत उतरतो.

तपासणी करावयाची म्हणजे नेमके काय, हे आता सांगतो. घड्याळ विचारण्याचे काम प्रोग्रामात दहा ठिकाणी विखरू न देता स्वतःच्या एका फंक्शनमध्ये ठेवावे. त्याने साधले की फसले हे उत्तरात द्यावे आणि वेळ वेगळ्या खान्यात. सीच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणात अशा फंक्शनवर 'नोडिस्कार्ड' अशी खूण करण्याची सोय आहे. मग त्याचे उत्तर कोणी नुसते टाकून दिले, तर प्रोग्राम तयार होतानाच कंपायलर सावध करतो. सोय उत्तम आहे, तथापि ती फक्त उत्तर फेकून देणाऱ्यास पकडते. उत्तर एका खान्यात घेऊन पुढे त्याच्याकडे न पाहणाऱ्यास नाही. आरंभीचे उत्तर फसले असेल तर काम करावे की नाही हे त्या कामावर अवलंबून राहील. वजाबाकी मात्र करूच नये. आणि फरक उणे आल्यास तो शून्य करून गप्प बसू नये. उणे फरक ही घड्याळाने मारलेली हाक असते. नोंदवहीत शून्य आणि 'वेळ मिळाली नाही' यांना दोन वेगळी चिन्हे असावीत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण प्रोग्राम लिहिणारा एक असतो, आणि वही वाचणारा दुसरा.

सोमवारी सकाळी मी मामांच्या घरी गेलो. चूक माझी होती असे सांगितले. ते मागावरच निघाले होते. "कुठं गंजली होती?" एवढेच त्यांनी विचारले. मी बॅटरीची पट्टी दाखविली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

मागवाल्यांनाही मी सर्व सांगितले. पण तीन आठवड्यांचा खोळंबा आता काढणार कसा? पेटीत शून्यांखेरीज काही नव्हते. उत्तर मामांनीच सुचविले. मागांच्या मागच्या बोळात पिठाची गिरणी होती, आणि वीज त्याच तारेवरची. गिरणीवाल्यांना, दळण अर्धवट राहिले म्हणून गिऱ्हाईक कुरकुरू नये यासाठी, करंट गेल्या-आल्याची वेळ कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिण्याची सवय होती. ते कॅलेंडर आम्ही उतरवून आणले. मागवाले, मामा आणि मी, तिघांनी बसून एकेका दिवसाची वजाबाकी केली. दोन ठिकाणी गिरणीवाल्यांनी वीज गेल्याची वेळ लिहिली होती, आल्याची लिहावयाची राहिली होती. त्या दोन दिवसांपुढे काय मांडावे यावर थोडा खल झाला. मागवाले म्हणाले, शून्य नको. मग तेथे आम्ही फुली मारली, आणि त्या दिवसांचा भत्ता मामा सांगतील त्याप्रमाणे धरला.

पुढच्या आठवड्यात पेट्यांचा प्रोग्राम बदलला. घड्याळाने उत्तर दिले नाही, तर रकान्यात आता फुली पडते आणि पेटीवरचा लाल दिवा लागतो. दिवा लागला की वेळ वहीत हाताने लिहावी, असे ठरले. पहिला दिवा लागला तो मामांच्या शेजारच्या मागावर. तेथेही बॅटरीच गेली होती.